केस सरळ करणारे यंत्र घेताना पैसे कशासाठी मोजावेत: पनवेल परिसरातील ग्राहकांसाठी मार्गदर्शन

जुने व नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली आणि खारघर या पट्ट्यातील दुकानांत आणि खरेदीच्या ॲपवर हेअर स्ट्रेटनर, म्हणजे तापलेल्या दोन प्लेट्समध्ये केसांची बट धरून ती सरळ करणारे यंत्र, पाचसहाशे रुपयांपासून चाळीस हजारांपर्यंत कोणत्याही किमतीला मिळते. वरवर पाहता ही सर्व यंत्रे एकच काम करतात आणि खोक्यांवरील मजकूरही जवळपास सारखाच असतो, त्यामुळे स्वस्त यंत्राने केस जळतील का, महागाचे पैसे खरोखर वसूल होतात का आणि पावसाळ्यात यांपैकी कोणतेही टिकते का, हे प्रश्न ग्राहकांकडून वारंवार विचारले जातात. आपल्याला हा निर्णय घ्यायचा असेल तर यंत्राच्या अंगच्या दोन गुणांना किंमत द्यावी: इच्छित तापमान अंशांत ठरवण्याची सोय आणि ते तापमान प्लेटच्या संपूर्ण लांबीवर स्थिर ठेवण्याची क्षमता. त्यांच्या जोडीला हमी आणि दुरुस्तीची सोय पाहावी, आणि बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यानंतर विचारात घ्याव्यात.

आधी गरज ठरवावी

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचा आकार प्रामुख्याने दोन प्रकारच्या बंधांनी टिकतो. त्यांपैकी हायड्रोजन बंध दुबळे असून ते उष्णतेने वा पाण्याने सुटतात आणि केस थंड वा कोरडा होताना नव्याने जुळतात. गंधकाचे डायसल्फाइड बंध मात्र बळकट असतात आणि रसायनाशिवाय सहसा सुटत नाहीत. स्ट्रेटनर फक्त पहिल्या प्रकारच्या बंधांवर काम करतो, म्हणून त्याचा परिणाम तात्पुरता असतो, आणि इस्त्री केलेल्या सुती कापडावर पाणी पडताच जशी सुरकुती परत येते तसा हवेतील दमटपणा केसात शिरताच मूळचा बाक परत येतो. पनवेल खाडीच्या काठचे आणि सह्याद्रीच्या पायथ्याजवळचे गाव असल्याने जून ते सप्टेंबर येथे मुसळधार पाऊस असतो आणि हवा सतत ओलसर राहते. या चार महिन्यांत सकाळी सरळ केलेले केस रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचेतो फुलून आले, तर तो यंत्राचा दोष मानू नये आणि त्यावरचा उपाय म्हणून तापमान वाढवत नेऊ नये, कारण अधिक उष्णतेने केसाची हानी वाढते आणि ओलावा मात्र तसाच शिरत राहतो.

म्हणून खरेदीपूर्वी आपण यंत्र किती वेळा वापरणार, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. वर्षातून चारदोन लग्नकार्यांसाठी केस सरळ करायचे असतील तर मध्यम किमतीचे यंत्र पुरते किंवा त्या त्या दिवशी पार्लरमध्ये जाणेही परवडते. आठवड्यातून दोनतीनदा वापर होणार असेल तर तापमान नियंत्रणासाठी जादा पैसे मोजणे शहाणपणाचे ठरते. रोजच्या वापराचा विचार असेल तर मात्र यंत्र निवडण्याआधी त्या विचाराचाच फेरविचार करावा, कारण रोज उष्णता सोसूनही निरोगी राहणारे केस फार थोड्यांचे असतात.

यंत्राऐवजी पार्लरमधील रासायनिक उपचार घ्यावेत का, हाही प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो. रिबॉन्डिंगमध्ये डायसल्फाइड बंध रसायनाने तोडून सरळ स्थितीत पुन्हा जोडले जातात. हा परिणाम त्या केसापुरता कायमचा असला तरी नवा उगवणारा केस मूळ स्वभावाचाच असतो आणि काही महिन्यांत दोन्हींची सीमारेषा दिसू लागते. केराटिन वा स्मूदनिंग या नावांनी होणाऱ्या काही उपचारांतील द्रव्ये तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सोडतात, तर ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या द्रव्यांनंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. असा उपचार घ्यायचाच असेल तर बाटलीवरील घटकद्रव्यांची यादी आधी मागून वाचावी, आणि ती दाखवण्यास नकार मिळाला तर तेथून परतावे.

तापमान: निर्णयाचा गाभा

कोरड्या केसातील केराटिनची घडण साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास मोडू लागते, पण ओल्या केसात हाच टप्पा १५० अंशांच्या आसपास येतो. शिवाय ओल्या केसावर तापलेली प्लेट फिरवली की आतील पाण्याची क्षणात वाफ होते आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे तयार होऊन तो तेथून तुटतो. प्लेट फिरवताना चर्र असा आवाज येणे हे केस पुरेसे वाळले नसल्याचे लक्षण आहे. यावरून दोन गोष्टी निघतात: केस पूर्ण कोरडे करूनच यंत्र वापरावे, आणि २३० अंशांपर्यंत तापणारे यंत्र केवळ त्या आकड्यामुळे श्रेष्ठ ठरत नाही. घरगुती वापरात त्या कमाल तापमानाची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

केसांच्या प्रकारानुसार सुरुवात पुढीलप्रमाणे करावी आणि एका फेरीत बट सरळ होत नसेल तरच दहादहा अंशांनी वर जावे:

- बारीक, विरळ, ब्लीच केलेले, रंगवलेले किंवा टोकांना फाटे फुटलेले केस: १३० ते १५० अंश.
- मध्यम जाडीचे, सरळ किंवा किंचित नागमोडी केस: १५० ते १८० अंश.
- दाट, राठ किंवा कुरळे केस: १८० ते २०० अंश.

स्वस्त यंत्रांची खरी उणीव येथे दिसते. त्यांतील अनेकांना फक्त चालू-बंद करण्याचे बटण असते आणि ती २०० वा २१० अंशांच्या एकाच ठरावीक तापमानाला जातात, म्हणजे बारीक केसांच्या ग्राहकालाही राठ केसांचीच उष्णता सोसावी लागते. काही यंत्रांवर १, २, ३ असे टप्पे असतात, पण त्या टप्प्यांचे अंश खोक्यावर वा माहितीपत्रकात दिलेले नसतात. असे यंत्र घेऊ नये. पडद्यावर अंश दाखवणारे यंत्र बरे, परंतु पडद्यावरचा आकडा आणि प्लेटचे प्रत्यक्ष तापमान यांत फरक असू शकतो, हेही लक्षात ठेवावे. बट प्लेटमध्ये धरली की केस उष्णता शोषून घेतो आणि प्लेट थोडी थंड होते. चांगल्या यंत्रातील संवेदक ही घट लगेच टिपून तापमान पूर्ववत करतो, तर सुमार यंत्रात पहिल्या दोनतीन बटा नीट होतात, पुढच्यांवर दोनतीनदा फेरे घ्यावे लागतात आणि तेवढ्या पटीने हानी वाढते. कमी तापमानाच्या चार फेऱ्यांपेक्षा योग्य तापमानाची एक सावकाश फेरी केसाला कमी त्रास देते, म्हणून तापमान स्थिर ठेवणाऱ्या यंत्रासाठी दिलेले हजार-दीड हजार रुपये योग्य कारणी लागतात.

लेपांची नावे आणि त्यांचा अर्थ

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत जे छापलेले असते त्याचे मोल बहुधा सर्वांत कमी असते. सिरॅमिक म्हणजे भाजलेल्या मातीच्या जातीचा पदार्थ. तो उष्णता समान पसरवतो आणि त्यावरून केस सहज घसरतो. मात्र बाजारातील बहुसंख्य यंत्रांत ॲल्युमिनियमच्या प्लेटवर सिरॅमिकचा पातळ लेप दिलेला असतो आणि तो खरवडला गेला की त्या जागी केस अडकू लागतो, म्हणून प्लेट पूर्ण सिरॅमिकची आहे की लेप दिलेली, हे विचारून घ्यावे. टायटॅनियम हा धातू हलका व टिकाऊ असून तो उष्णता झपाट्याने केसाकडे पोहोचवतो, असे उत्पादक सांगतात; त्यामुळे दाट केसांवर आणि सरावलेल्या हातात तो उपयोगी पडतो, पण नवशिक्या ग्राहकाने बारीक केसांसाठी तो टाळावा. टूर्मलीन हे एक खनिज असून ते तापल्यावर ऋणभारित कण सोडते आणि केसांचे भुरभुरणे कमी करते, असे उत्पादक सांगतात; त्यासाठी वेगळी रक्कम मोजण्याइतका त्याचा लाभ मोठा नाही. आर्गन तेल किंवा केराटिन मिसळलेल्या लेपाचे तर वापरागणिक काय उरते, याचा विचार ग्राहकाने स्वतःच करावा. ‘केसांना शून्य हानी’ हा दावा कोणत्याही तापणाऱ्या यंत्राबाबत खरा असू शकत नाही.

आकार आणि बनावट

साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच रुंदीची प्लेट बहुतेकांना पुरते आणि तिच्या कडा गोलाकार असतील तर टोके आत वळवता येतात. कमरेपर्यंत लांब व दाट केसांना ४० मिलिमीटरच्या आसपासची रुंद प्लेट वेळ वाचवते, पण ती मुळांजवळ पोहोचत नाही. प्लेट्स आतून स्प्रिंगवर बसवलेल्या असाव्यात, म्हणजे बट जाडपातळ असली तरी दाब सारखा पडतो. वायर मुठीपाशी गोल फिरणारी आणि किमान १.८ मीटर लांबीची असावी, कारण जुन्या इमारतींत आरशाजवळ सॉकेट नसणे ही नित्याची अडचण आहे. ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय मात्र चैन समजू नये. सकाळच्या गाडीच्या घाईत यंत्र चालू राहून जाण्याची शक्यता प्रत्येक घरात असते.

वॅटच्या आकड्यावरून यंत्राची प्रत ठरवू नये. वॅट वाढले की यंत्र लवकर तापते, अधिक चांगले चालते असे नाही. विजेच्या खर्चाची चिंताही अनावश्यक आहे: ४५ वॅटचे यंत्र रोज २० मिनिटे वापरले तरी महिन्याला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते.

किमतीचे टप्पे

- हजार रुपयांच्या आत: बहुतांशी एकाच तापमानाची यंत्रे. क्वचित वापरासाठी आणि दाट, निरोगी केसांसाठी चालतील; रंगवलेल्या वा बारीक केसांसाठी घेऊ नयेत.
- दीड ते साडेतीन हजार: अंश ठरवण्याची सोय, स्प्रिंगवरील प्लेट्स, आपोआप बंद होणे आणि दोन वर्षांपर्यंतची हमी या टप्प्यात मिळू शकते. बहुतेक घरांची गरज येथेच भागते.
- चार ते दहा हजार: पार्लरमधील सततच्या वापरासाठी बनवलेली यंत्रे. आठवड्यातून दोनतीनदा वापरणाऱ्यालाही तापमानाची स्थिरता जाणवते. क्वचित वापरणाऱ्याने इतका खर्च करू नये.
- त्यापुढील: येथे जादा रकमेचा मोठा भाग तंत्राच्या नावीन्यासाठी आणि ब्रँडसाठी जातो. परवडत असेल तरी घेण्यापूर्वी दुरुस्ती कोठे होते, ते आधी विचारावे.

दुकानात काय तपासावे

जुन्या पनवेलच्या बाजारातील विद्युत उपकरणांची आणि सौंदर्यप्रसाधनांची दुकाने, एसटी स्थानकाजवळील ओरायन मॉल, खारघरमधील मोठी दालने आणि ऑनलाइन खरेदी हे सारे मार्ग येथील ग्राहकाला खुले आहेत. ऑनलाइन किंमत बहुधा कमी असते, पण यंत्र हातात धरून पाहता येते ते दुकानातच, आणि या वस्तूच्या बाबतीत हाताची परीक्षा फार उपयोगी पडते.

1. यंत्र थंड असताना मिटून उजेडासमोर धरावे. दोन प्लेट्सच्या मधून कोठेही फट दिसू नये.
2. एक केस प्लेट्समध्ये धरून हलकेच ओढावा. तो टोकाशी, मध्ये आणि बिजागरीजवळ सारख्याच पकडीने सरकला पाहिजे. एखाद्या जागी निसटत वा अडकत असेल तर दुसरा नग मागावा.
3. प्लेटच्या कडेवरून बोट फिरवून ती खरखरीत नाही ना, ते पाहावे.
4. दुकानातील टेस्टिंग बोर्डावर यंत्र लावून पाच मिनिटे चालू ठेवण्यास सांगावे. मूठ चटका बसण्याइतकी तापत असेल किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास येत असेल तर ते घेऊ नये.
5. तितकाच वेळ ते डोक्याच्या उंचीवर धरून पाहावे, कारण जड यंत्राने मनगट दुखते आणि मागच्या बटा नीट होत नाहीत.
6. खोक्यावरील व यंत्रावरील अनुक्रमांक एकच असल्याची खात्री करावी.

वेष्टनावरील मजकूर वाचणे तितकेच आवश्यक आहे. वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टित वस्तूवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो, आणि आयात वस्तूवर मूळ देशाचे नावही असावे लागते. ज्या परदेशी यंत्रावर भारतातील आयातदाराचा पत्ताच नाही, त्याची हमी कोणी देत नाही, मग ते मुंबईच्या घाऊक बाजारातून कितीही स्वस्तात आणलेले असो.

वीज आणि सुरक्षितता

भारतीय मानक ब्युरोच्या घरगुती विद्युत उपकरणांसाठीच्या आयएस ३०२ या मानकमालेत त्वचा व केसांच्या उपकरणांसाठी स्वतंत्र विभाग आहे. यंत्रावर आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालील सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तो खरा आहे का, हे दोन मिनिटांत पडताळता येते. दोन पिनांचा प्लग पाहून घाबरू नये. एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असेल तर यंत्राला दुहेरी विद्युतरोधन आहे आणि त्याला अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही.

अमेरिकेत राहणारे नातलग भेट म्हणून जे यंत्र आणतात त्याकडे विशेष लक्ष द्यावे. तेथील वीजपुरवठा १२० व्होल्टचा आणि आपला २३० व्होल्टचा आहे. केवळ १२० व्होल्टसाठी बनवलेल्या साध्या हीटरचे यंत्र येथे लावले तर त्यातून साडेतीन पटींहून अधिक शक्ती वाहते आणि ते जळते. पिन बदलणारा ॲडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. यंत्रावर १००–२४० किंवा ११०–२४० व्होल्ट असे लिहिलेले असेल तरच ते दोन्हीकडे चालते, आणि परदेशी जाणाऱ्या मुलामुलींसाठी येथे खरेदी करतानाही हेच पाहावे.

वापरताना तेल लावलेल्या केसांवर प्लेट फिरवू नये. तेल तापून केसाला व टाळूला चटका देते आणि प्लेटवर त्याचा चिकट थर बसतो. उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे लावल्यास तो पूर्ण वाळू द्यावा. प्लेट्स थंड झाल्यावरच मऊ, किंचित ओल्या कपड्याने पुसाव्यात आणि वायर यंत्राभोवती आवळून गुंडाळू नये, कारण वायर मुठीपाशीच प्रथम तुटते. न्हाणीघरात यंत्र नेऊ नये. कातडीला चटका बसलाच तर तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. त्यावर टूथपेस्ट, हळद वा बर्फ लावू नये.

बिल, हमी आणि तक्रारीचा अधिकार

बिलावर यंत्राचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख त्याच वेळी मागावी. ऑनलाइन खरेदीत खोके उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवावे. हमी वस्तू बदलून देण्याची आहे की फक्त दुरुस्तीची, आणि दुरुस्ती पनवेलमध्ये होते की यंत्र वाशी वा ठाण्याला पाठवावे लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीने सदोष वस्तूबाबतचा हा अधिकार हिरावला जात नाही. मात्र वस्तू निर्दोष असून केवळ पसंत पडली नाही, तर परतीचा असा हक्क सांगता येत नाही. सदोष यंत्रामुळे भाजणे वा आग लागणे अशी इजा झाली तर उत्पादन-दायित्वाच्या तरतुदींखाली उत्पादकाकडून, आणि काही परिस्थितींत विक्रेत्याकडूनही, भरपाई मागता येते. अशा वेळी यंत्र टाकून न देता आहे त्या स्थितीत जपून ठेवावे, त्याची छायाचित्रे काढावीत आणि उपचाराची कागदपत्रे सांभाळावीत.

तक्रार क्रमाने करावी. प्रथम विक्रेत्याला व कंपनीच्या सेवा केंद्राला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. ई-कॉमर्स संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. तेथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. पुष्कळ तक्रारी या टप्प्यावर मिटतात, कारण हेल्पलाइन कंपनीशी थेट संपर्क साधते. छापील कमाल किमतीहून अधिक रक्कम घेतली गेली असेल तर ती तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे करावी.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. पनवेल रायगड जिल्ह्यात असल्याने येथील ग्राहकांसाठी हा आयोग अलिबागला आहे, पण तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते. विक्रेता दुसऱ्या राज्यातील असला तरी चालते, कारण तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील नेमणेही सक्तीचे नाही. बिल, हमीपत्र, पत्रव्यवहार आणि प्रतिज्ञापत्र जोडून, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, अशी कायद्यात तरतूद आहे.